स्पंजचा फोटो

मला चेन्नईत नोकरी लागली ती एका परदेशी पाहुण्याच्या प्रश्नामुळे. पेरुंगुडीतली आमची सॉफ्टवेअर कंपनी बघायला आलेल्या त्या पाहुण्याने सहज विचारलं, "तुमच्याकडे युजेबिलिटीचं काम करणारं कोणी आहे ना?" आमच्या साहेबांनी "अर्थातच" असं सांगून टाकलं, आणि पाहुणा विमानात बसल्यावर ते 'कोणी' शोधायला सुरुवात केली. मी पुण्यात मानसशास्त्र शिकले होते आणि माणसाचं यंत्राशी कुठे बिनसतं हे बघण्यात मला रस होता. युजेबिलिटी म्हणजे साधारण तेच, म्हणून एवढं पुरेसं ठरलं.

पहिलं दीड वर्ष माझं काम म्हणजे बटणांचे रंग सांगणं. इंजिनियर मंडळी सगळा प्रोग्रॅम लिहून झाल्यावर माझ्या टेबलाशी यायची आणि विचारायची, "मॅडम, निळं की हिरवं?" हे बटण मुळात कशाला हवंय, असं विचारलं की त्यांचे चेहरे पडायचे. मग मी निळं म्हणायचे. मला एक प्रयोगशाळाही दिली होती. दोन खोल्या, मध्ये एक काच. अलीकडच्या माणसाला त्यात आरसा दिसायचा आणि पलीकडच्याला अलीकडचा माणूस. पाहुण्यांना ती आवर्जून दाखवत. एरवी तिथे वाढदिवसाचे केक कापले जायचे, कारण आमच्या मजल्यावर सगळ्यात चांगला एसी तिथलाच होता.

मग एका रासायनिक कारखान्याचं काम आलं. कारखाना एन्नोरच्या बाजूला. त्यांच्या कंट्रोल रूमसाठी आमच्या कंपनीने नवी संगणक यंत्रणा बसवून दिली होती आणि तिथले ऑपरेटर तक्रारी करत होते. कारखान्याच्या मॅनेजरचं मत ठाम होतं. "म्हातारी माणसं आहेत. कॉम्प्युटरला घाबरतात. तुम्ही पाच दिवस बसा आणि त्यांना काय ट्रेनिंग द्यायचं ते लिहून द्या." उत्तर आधीच ठरलेलं असल्यामुळे संशोधन सोपं जाईल, असं आमच्या साहेबांनाही वाटलं.

रोज सकाळी कंपनीची गाडी मला शहराच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला नेऊन सोडायची. कंट्रोल रूममध्ये चार माणसं होती. मी शिकून घेतलेलं वाक्य माझ्या तोडक्या तमिळमध्ये म्हटलं, "आम्ही तुमची परीक्षा घेत नाही, यंत्राची घेतोय." चौघांनी माना डोलावल्या आणि दोन दिवस माझ्याशी कोणी बोललं नाही. कॉफी मात्र वेळेवर यायची.

तिसऱ्या दिवशी आईचा फोन आला. "हो गं, जेवले मी. सांबारभात. हो, परत सांबारभात," असं म्हणून मी फोन ठेवला, तर चौघांतले सगळ्यात ज्येष्ठ ऑपरेटर खुर्ची फिरवून माझ्याकडे बघत होते. कपाळावर गंधाची बारीक रेघ, खिशाला दोन पेनं. तोपर्यंत मी त्यांना तमिळच समजत होते.

"तुम्हीं मराठी काय?" त्यांनी विचारलं.

शब्द मराठी होते, चाल पूर्ण तमिळ होती. त्यांचं घराणं तंजावरचं, कित्येक पिढ्या तिथेच गेलेल्या. ते स्वतः तीस वर्षं याच कारखान्यात होते, आणि घरात अजून मराठीच बोलत होते. मला ती भाषा जुन्या पोथीतून उठून आल्यासारखी वाटली. त्यांना माझी, टीव्हीवरच्या बातम्यांसारखी.

"बैसा," ते म्हणाले. "दोन दिवस उभ्या राहून काय पाहतां? येथें बैसा म्हणजे कळेल."

मी माझं परीक्षेचं वाक्य पुन्हा म्हटलं, या वेळी मराठीत. ते हसले. "यंत्राची परीक्षा घेतां, तर मग यंत्रास विचारा की अम्मा. आम्हांस कां विचारतां?"

त्यांच्या शेजारी बसल्यावर खरोखरच कळलं. कारखान्यात कुठेही काही जरा इकडेतिकडे झालं की पडद्यावर एक लाल ओळ यायची आणि बझर वाजायचा. टाकी भरून वाहायला आली तरी लाल ओळ, आणि कुठल्याशा खोलीतला दिवा गेला तरी तीच लाल ओळ, तोच आवाज. एका ओळीवर क्लिक करून ती पुसेपर्यंत चार नव्या यायच्या. मी वहीत रेघा मारायला घेतल्या. दोन तासांत सहा पानं भरली आणि मग मी मोजायचं सोडलं. चमत्कारिक गोष्ट एवढीच होती की बझरचा आवाज अगदी क्षीण होता. दोन खोल्यांपलीकडे कोणीतरी घुसमटून खोकतंय, असा.

मी त्याबद्दल विचारल्यावर काकांनी (मी एव्हाना त्यांना काका म्हणू लागले होते) टेबलाखालची झडप उघडून दाखवली. आत छोटा स्पीकर होता आणि त्याच्यावर भांडी घासायच्या स्पंजचा एक जाड तुकडा चिकटपट्टीने घट्ट बसवलेला होता.

"कोणी केलं हे?"

"मीच ठेविलें. नाही तर डोकें फिरतें. आवाज पुरा बंद नाही केला हो. ऐकूं येतें, पण मारत नाही."

"मग खरंच काही बिघडलं तर कळतं कसं?"

त्यांनी नुसती झडप लावून टाकली. तासाभराने मला ते आपसूक कळलं. पडद्यावर ओळींचा लोंढा चालला होता आणि काका एकाएकी बोलता बोलता थांबले. तळवा टेबलावर ठेवला, मान तिरकी केली. मग फोन उचलून बाहेरच्या माणसाला तमिळमध्ये भराभर काही सांगितलं. एका पंपाची घरघर बदलली होती. जमिनीतून येणारी थरथर त्यांच्या हाताला वेगळी लागली होती. यंत्रणेनेही त्या पंपाची सूचना दिली होती, नाही असं नाही. पण ती दिव्यांच्या आणि दारांच्या ओळींखाली गाडली जाऊन पडद्याबाहेर गेली होती. मी यादीत मागे जाऊन शोधली तेव्हा सापडली.

मला इतका आनंद झाला की काय सांगू. आमच्या विषयातला माणूस आयुष्यभर अशाच गोष्टीची वाट बघत असतो. मी कंपनीचा डिजिटल कॅमेरा काढला, काकांना विचारून स्पंजचा फोटो घेतला आणि पाचव्या दिवशी खुशीत परतले.

अहवालात मी कोणाचंही नाव लिहिलं नाही. नियमच आहे तसा. पेरुंगुडीत मोठ्या पडद्यावर सगळ्यांसमोर तो मांडला. कारखान्याचे मॅनेजर पहिल्या रांगेत होते. मी स्पंजचा फोटो दाखवला आणि सांगितलं, "हा हुशार माणसाने वाईट यंत्रणेवर काढलेला तोडगा आहे." मॅनेजर पुढे झुकले, चष्मा नीट केला आणि वहीत काहीतरी टिपून घेतलं. माझं म्हणणं त्यांना इतकं पटलेलं पाहून मला बरं वाटलं.

पंधरा दिवसांनी मी पुन्हा कारखान्यात गेले तेव्हा काकांच्या खुर्चीवर दुसराच कोणी बसला होता. बझर पूर्ण आवाजात किंचाळत होता आणि त्या टेबलाखालच्या झडपेला कुलूप होतं. उरलेले तिघे माझ्याकडे बघायलाही तयार नव्हते. शेवटी मॅनेजरच भेटले आणि त्यांनी माझं अभिनंदन केलं. "तुमच्यामुळे फार गंभीर प्रकार उघडकीला आला. सुरक्षेच्या यंत्रणेशी छेडछाड! ताबडतोब मेमो दिला आणि कामावरून दूर केलं. चौकशी होईल."

"पण तुम्हाला कळलं कसं कोण ते?"

"फोटोवर होतं की."

फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख आणि वेळ होती. त्या वेळी त्या टेबलावर ड्यूटी कोणाची होती, हे हजेरीपत्रकात बघायला त्यांना मिनिटही लागलं नसेल. खरं तर ती तारीख मला पहिल्या दिवसापासून खुपत होती. कॅमेऱ्यातून ती काढायची कशी ते मला सापडलं नव्हतं. तीनदा सगळे मेनू धुंडाळले, कंटाळले आणि सोडून दिलं. वापरायला सोपं काय आणि अवघड काय, याची मी पगारी तज्ज्ञ होते.

त्या शनिवारी मी पत्ता मिळवून काकांच्या घरी गेले. जिने चढताना माफीची वाक्यं जुळवत होते. दार काकूंनी उघडलं. मी मराठीत बोलल्यावर त्यांनी मला आपादमस्तक पाहिलं आणि आत बघून म्हणाल्या, "ती फोटोवाली आली आहे."

काका बनियनवर पेपर वाचत बसले होते. मी माफी मागितली. ती ऐकून घेऊन ते म्हणाले, "फोटो चांगला आला होता काय?"

"हो," मी म्हणाले. दुसरं काय म्हणणार?

"तुम्हीं तमिळच बोलत राहिलां असतां तर मी कॉफी पाजून पाठविलें असतें. मराठी बोललां म्हणून झडप उघडली." त्यांचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला सोपं गेलं असतं. काकूंनी माझ्यासमोर कॉफी ठेवली, डबऱ्यात, म्हणजे खोलगट वाटीत, पेला उपडा करून, आणि ती आपटली मात्र जरा जोरात.

मी काय करू शकते, असं विचारल्यावर काकांनी पेपरची घडी घातली आणि ते उठले. मग त्यांनी कपाटातून शाळेच्या मुलांची असते तशी एक वही काढली. नवी यंत्रणा आली त्या दिवसापासून कोणती सूचना खोटी, कोणती निरुपयोगी आणि कोणती खरी, हे त्यांनी त्यात टिपून ठेवलं होतं. आमच्या अख्ख्या कंपनीने जे करायला हवं होतं, ते त्यांनी एकट्याने केलेलं होतं. मी अधाशासारखी वही उघडली आणि मला एक अक्षर वाचता येईना. मजकूर मराठी होता, लिपी तमिळ. देवनागरी त्यांना कोणी शिकवलीच नव्हती.

मग पुढचे तीन शनिवार-रविवार काका वाचत होते आणि मी लिहून घेत होते. काकू मध्येच येऊन त्यांना शब्द सुधारून द्यायच्या. दुसऱ्या रविवारी कॉफी आपटायची थांबली.

वही घेऊन मी साहेबांकडे गेले. ते म्हणाले, "क्लायंट खूश आहे. तू कशाला दुःखी होतेस?" मी एकच गोष्ट मागितली. मॅनेजरना आपली प्रयोगशाळा दाखवायला बोलवायचं. त्याला ते कशाला नाही म्हणतील?

मॅनेजर आले. मी त्यांना आरशासमोर बसवलं. पुढच्या पडद्यावर त्यांच्याच कारखान्यातली ती पंपाची दुपार, यंत्रणेत नोंद झाली होती तशीच, सुरू केली. बझरही पूर्ण आवाजात. "यात एक खराखुरा बिघाड आहे. तेवढा शोधायचा," मी म्हणाले, आणि मग अगदी नम्रपणे म्हटलं, "आम्ही तुमची परीक्षा घेत नाही, सर. यंत्राची घेतोय."

काचेपलीकडून मी आणि साहेब बघत होतो. पहिली पाच मिनिटं मॅनेजर झपाझप क्लिक करत होते. मग सावकाश. मग कोट काढला. पंपाची ओळ त्यांच्या डोळ्यांसमोरून सरकून गेली तेव्हा ते एका दाराच्या सूचनेवर क्लिक करत होते. थोड्या वेळाने त्यांनी आरशाकडे बघून हाक मारली, "तो आवाज जरा कमी करता येईल का?"

साहेब माझ्याकडे वळून हळूच म्हणाले, "स्पंज आहे का?" मला वाटतं, माझं काम काय आहे हे त्यांना त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

यानंतर मॅनेजरनी चूक कबूल केली, असं मला लिहायला आवडलं असतं. तसं काही झालं नाही. महिनाभराने आमच्या कंपनीने सुधारित यंत्रणा बसवली. किरकोळ सूचना मुकाट्याने एका कोपऱ्यात जमा व्हायच्या, बझर फक्त खऱ्या धोक्याला वाजायचा. जवळजवळ सगळं वहीबरहुकूम होतं. कारखान्याने या सुधारणेचं श्रेय व्यवस्थापनाच्या दूरदृष्टीला दिलं. काकांची चौकशी 'समज देऊन' संपवण्यात आली. मेमो फाइलीत राहिला. त्यांना कामावर परत घेतलं आणि त्याच आठवड्यात नव्या ऑपरेटरांना ही यंत्रणा शिकवायचं काम त्यांच्यावर सोपवलं. मला बढती मिळाली, आणि बटणांचे रंग विचारायला येणारे आता आधी वेळ ठरवून येऊ लागले.

काका निवृत्त व्हायच्या आधी त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. पत्रिका इंग्रजीत आणि तमिळमध्ये छापायची होती, पण वर चार ओळी मराठीत हव्यात असा काकूंचा हट्ट होता. त्यासाठी त्यांनी मला बोलावलं. मी छान, शुद्ध, शहरी मराठीत चार ओळी लिहून वाचून दाखवल्या. दोघं शांतपणे ऐकत होते.

"चांगलें आहे," काकू म्हणाल्या. "पण असें आमच्यांत कोणी बोलत नाही."

मी कागद बाजूला ठेवला, नवा घेतला आणि म्हटलं, "तुम्ही सांगा. मी लिहून घेते."