शेऱ्याचा रकाना

अच्युत मास्तरच्या भूगोलानं आर्वीचा कापूस बाजार पार वैतागला होता. बाकी मास्तर कसे, खुर्चीवर बसून आफ्रिकेच्या नद्या घोकून घेत. पोरं बी सुखात, मास्तर बी सुखात. हे महाराज आपले नववीचे बावीस टाळके घेऊन भर बाजारात उभे. विचारा गाडीवाल्याले, कोणतं गाव, जमीन काळी का बरड, एकरी किती निघाला, रस्त्यात नाले किती लागले. एका गाडीवाल्यानं तर मास्तरले बाजूले घेतलं अन् हळूच विचारलं, "मास्तर, खरं सांगा, हे पोरं सरकारनं धाडले काय? आमच्यावर काही नवीन कर लावून राह्यले काय?"

माणूस हाडानं किडकिडा. खादीचा सदरा, अन् सायकलच्या दांड्याले बांधलेली नकाशाची नळी. मुलगी पाहाले गेलते तवा सासऱ्याले पहिला प्रश्न काय विचारला असन? "तुमच्या विहिरीले पाणी किती फुटावर?" सुमतीबाईनं हे त्याइले जन्मभर ऐकवलं. पाहुणे आले, चहा झाला, की ही गोष्ट निघेच.

तर अठ्ठावन सालच्या दिवाळीनंतर मास्तरनं नवं खूळ काढलं. आर्वीपासून दोन कोसावर पिंपळझरी गाव. तिथं सहा विहिरी. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी जायचं अन् सहाही विहिरीचं पाणी किती खाली गेलं ते मोजायचं. कोणती आधी आटते, नाल्याजवळची काऊन टिकते, हे पुस्तकात नाई, हे पोरांनं आपल्या हातानं काढलं पाहिजे. त्यासाठी लांब दोरी, तिले फुटाफुटावर गाठ, टोकाले बाभळीचा ठोकळा. दोरी सोडायची अन् गाठी मोजायच्या. सोबत एक जाड वही, तिच्यात चार रकाने. विहीर, तारीख, फूट अन् शेरा.

शेऱ्यावर मास्तरचा भारी जीव. "पोरांनो," थे म्हणत, "आकड्यात सारं मावत नाई. बादली मधात आली, दोरी अडकली, कोणी मोजू दिलं, कोणी नाई दिलं, सारं शेऱ्यात लिवायचं. आपल्याले बरं वाटत नाई म्हणून काही गाळायचं नाई. गाळलं तर थो भूगोल नाई, थ्या गप्पा."

पोरांनं मान डोलावली. पोरं कशालेही मान डोलावतात. पण एका पोरीनं थे मनावर घेतलं. तिचं नाव सुलोचना. पिंपळझरीचीच, बाबारावची लेक. रोज दोन कोस चालत आर्वीच्या शाळेत ये. दोन वर्षांआधी बाबारावच्या घरानं बौद्ध धम्म घेतलता. पोरगी बोले कमी, पण विचारलेल्याचं उत्तर नेमकं दे.

पहिल्या शनिवारी गावात शिरताच पहिली विहीर मंदाबाईची. मंदाबाई गावातली मोठ्या घरची, मनानं दिलदार. पोरं आले म्हणून तिनं सुपात फुटाणे अन् गूळ आणून ठेवला. पोरं दोरी धराले रांगेत लागले. सुलोचनाचा नंबर तिसरा. मंदाबाईनं तिले पाह्यलं.

"तू बाबारावची ना गं?"

"हो."

"मास्तर, मोजा तुम्ही, सारं मोजा. फक्त थ्या पोरीच्या हातची दोरी माह्या विहिरीत नको."

"बाई, आता तसं काही राह्यलं नाई," मास्तर म्हणाले. आवाज असा, की जसं काही उधार मागून राह्यले.

"तुमच्या शाळेत नसन राह्यलं. धरम बदलला म्हणून पाणी बदलते काय? फुटाणे घे गं पोरी, फुटाण्याले माह्यी ना नाई."

पोरांतलं कोणी दोरीकडं पाहे, कोणी पायाकडं. शिवाशिवीविरुद्धचा पंचावन सालचा कायदा मास्तरले तोंडपाठ होता. नागरिकशास्त्राच्या तासाले त्यायनंच शिकवलता, फळ्यावर कलमं लिवून. पण त्या दिवशी तोंडातून निघालं भलतंच. हसून म्हणाले, "सुलोचना, तुह्यं अक्षर सुरेख आहे. तू वही सांभाळ. वही म्हणजे तर सगळ्यात मोठं काम."

पोरीनं वही घेतली. काम चालू झालं. मास्तरले वाटलं, काय शिताफीनं निभावलं आपण.

घरी येऊन बायकोले सांगितलं बी. सुमतीबाई भाकर थापत होत्या.

"आज एक मोठं नाजूक प्रकरण सांभाळलं म्या," मास्तर म्हणाले अन् सारं सांगितलं.

सुमतीबाईनं भाकर तव्यावर टाकली. "मंदाबाईची विहीर पहिली ना? मंग बाकी पाच विहिरीवर काय झालं?"

"काय होणार? वही तिच्याच हातात होती."

"मंदाबाई आलती काय तुमच्या मागं मागं पाचही विहिरीवर?"

मास्तर म्हणाले, "तुले भूगोल नाई कळत."

"नाई बाप्पा, मले कुठचा कळते. थे मीठ सरकवा इकडं."

मास्तरनं मीठ सरकवलं. त्या दिवशी दोन भाकरीत उठले. पण माणसाचं मन कसं, जिथं टोचते तिथं हात लावत नाई. पुढच्या महिन्यात पोरं गेले तवा सुलोचना आपणच वही घेऊन उभी राह्यली. मास्तरले हायसं वाटलं. मनात म्हणाले, पोरीले लिवायलेच आवडते. मंग माघ आला, फागुन आला, पाचही खेपा तसंच चाललं. पोरांचे हात दोरीवर असे बसले की डोळे झाकून गाठी मोजत. सुलोचना काठावर बसून लिवे.

चैतात वर्ध्याले जिल्ह्यातल्या शाळांचं प्रदर्शन ठरलं. मास्तरनं मोठ्या कागदावर आलेख काढला. एक पोरगा वहीतले आकडे वाचे अन् मास्तर टिंबं देत. सहा विहिरी, सहा रंग. नाल्याजवळची निळी रेघ कशी आडवी चाललेली, अन् बरडावरची लाल रेघ कशी धाडकन खाली. मास्तरचा ऊर भरून आला. आकडे सारे वाचले. शेरा मात्र वाचायचा राह्यला.

थो वाचला हेडमास्तर हरिभाऊनं. सोमवारी मधल्या सुट्टीत त्यायनं मास्तरले खोलीत बोलावलं अन् वही समोर सरकवली.

"हे वाचलं काय तुम्ही?"

"आकडे तपासले मी दोनदा."

"आकडे गेले चुलीत. शेवटचा रकाना वाचा."

मास्तरनं वाचलं. गोल गोल, सुरेख अक्षर.

'विहीर पहिली. सुलोचना बाबाराव हिने दोरी धरली नाही. मंदाबाईंनी मना केले. सरांनी वही दिली.'

'विहीर दुसरी. सुलोचना बाबाराव हिने दोरी धरली नाही. येथे कोणी मना केले नाही. सरांनी दिली नाही.'

'विहीर तिसरी. सुलोचना बाबाराव हिने दोरी धरली नाही. येथे कोणी मना केले नाही. सरांनी दिली नाही.'

'विहीर चौथी. म्हैस मध्ये आली. म्हैस गेल्यावर मोजले. सुलोचना बाबाराव हिने दोरी धरली नाही. सरांनी दिली नाही.'

पाच महिने, सहा विहिरी, तीस ओळी. कुठं राग नाई, कुठं रडगाणं नाई. म्हैस जशी लिवली तसेच सर लिवले. मास्तरचे कान असे तापले की त्याइले वाटलं, बाहेर पोरांले दिसत असतीन.

"हे घेऊन वर्ध्याले जाता काय?" हरिभाऊ म्हणाले. "सारा जिल्हा पाहीन. पोरीकडून नवीन वही उतरवून घ्या. शेरा कोरा ठेवा. अन् माह्याकडं असं पाहू नका मास्तर, म्या नाई लिवलं थे."

तिथं नाई म्हणायचं होतं. मास्तर हो म्हणाले.

चार वाजता सुलोचनाले थांबवलं. "वही जरा मळली. नव्या वहीत उतरवून दे बरं."

"हो सर. शेरा बी?"

"शेरा राहू दे."

"चुकला काय सर?"

आता सांगा, काय बोलावं माणसानं? तिनं तर त्यायचंच शिकवलेलं केलतं. मास्तर खिडकीतून बाहेर पाहात म्हणाले, "चुकला नाई. नव्या वहीत जागा पुरत नाई."

एका विहिरीवर पोरीले मागं ठेवलं, पाच विहिरीवर उगाच ठेवलं, अन् वरून आता खोटं बोलले. थे बी जागेसाठी. नवी वही तर जुनीपेक्षा मोठी होती.

शनिवारी पोरीनं जुनी अन् नवी, दोन्ही वह्या आणून दिल्या. नवीत रेघा सरळ, आकडे चोख, शेऱ्याचा रकाना कोरा. मास्तर घरी आले, खाटेवर बसून पानं चाळली. शेवटच्या पानावर खाली एक ओळ होती.

'शेरा लिहिला नाही. सरांनी सांगितले, जागा पुरत नाही.'

सुमतीबाईनं पाणी आणून दिलं तर घेईनात. तिनं दोन्ही वह्या उचलल्या, दाराच्या उजेडात उभी राहून वाचल्या. बाई टोमण्यात पटाईत, पण त्या दिवशी हसली नाई.

"तुम्ही तिले एवढं नीट शिकवलं," ती म्हणाली, "अन् तुम्हीच नाई शिकले."

"हरिभाऊ नाराज होतीन."

"होतीन. मंग?"

"नोकरीचं पाहा लागते."

"नोकरी जात नाई हो एका वहीनं. इज्जत जाईन, थे म्हणा ना सरळ. मंग पोरीची कोणी पाह्यली पाच महिने?"

दुसऱ्या दिवशी वर्ध्याले जाताना मास्तरनं पिशवीत जुनी वही घातली. हरिभाऊले सांगितलं नाई. म्हणजे हिंमत बी अर्धीच, बरं का. पुरी असती तर सांगून नेली असती.

प्रदर्शनात आलेखापुढं जुनी वही ठेवली अन् मास्तर टेबलाजवळ असे उभे, जसा घरचा अभ्यास न केलेला पोरगा. एक म्हातारे परीक्षक आले. त्यायनं वही उघडली. चष्मा पुसला. एक पान वाचलं, दोन वाचले. बोट एका ओळीवर ठेवून विचारलं, "हे सर म्हणजे कोण?"

"मी."

परीक्षकानं वर पाह्यलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. थे नुसतं म्हणाले, "हं." मंग निळ्या रेघेकडं बोट दाखवून दोन प्रश्न विचारले, मास्तरनं उत्तरं दिली, अन् थे पुढच्या टेबलावर गेले. बक्षीस कोणाच्या तरी मातीच्या ज्वालामुखीले भेटलं. हरिभाऊ बी आलते, परतीच्या मोटरीत थे मास्तरले सोडून दुसऱ्या बाकड्यावर जाऊन बसले.

मास्तरले वाटलं, चला, लाजेचं काय थे झालं, फिटलं आता. पण एवढ्यात कुठं फिटते.

चैतातली मोजणी बाकी होती. पिंपळझरीले गेले. मंदाबाईच्या विहिरीपाशी मास्तरनं दोरी काढली अन् सुलोचनापुढं धरली. मंदाबाई ओट्यावरून म्हणाली, "मास्तर, म्या सांगितलतं तुम्हाले."

"हो बाई. मंग तुमची विहीर मोजत नाई. आलेखात तुमची रेघ तुटक राहीन."

"राहू द्या. आलेख पेते काय कोणी?"

मास्तर पोरांले घेऊन पुढं निघाले. दुसऱ्या विहिरीवर कोणी नव्हतं. सुलोचनाले दोरी दिली अन् वही आपल्या हातात घेतली. तिनं ठोकळा सोडला. दोरी सरसर गेली, गाठी निघून गेल्या, अन् दोरी खाली गोळा झाली तरी पोरगी सोडतच होती.

"थांब, थांब," मागून एक पोरगा हसला. "केव्हाचा टेकला थो."

"कसं समजलं तुले?" तिनं विचारलं.

"हाताले समजते ना."

तिनं दोरी वर ओढली. पुन्हा सोडली. पुन्हा चुकली. तीस आकडे जिनं लिवले, तिच्या हाताले एकही आकडा ठाऊक नव्हता. हे मास्तरले आत्ता दिसलं, वर्ध्याच्या त्या परीक्षकापुढं बी दिसलं नव्हतं. त्याइले वाटत होतं, आपण पोरीचा मान ठेवला नाई. मानाचं राहू द्या, तिले शिकवलंच नाई. भूगोलाच्या मास्तरनं भूगोल नाई शिकवला.

मास्तर तिच्या बाजूले जाऊन काठावर उकिडवे बसले. "माह्यं चुकलं," असं म्हणायचं होतं. ओठापर्यंत आलं, पण फळ्यापुढं उभं राहून ज्याचा जनम गेला त्याच्या तोंडात हे शब्द लवकर बसत नाई. थे म्हणाले, "हळू सोड. वजन हातात धरून ठेव. ठोकळा तरंगला की दोरी हलकी लागते. आकडा नको पाहू, हात काय सांगते थे पाह्य."

बाकी पोरं उन्हात उभे. तिनं हळू हळू सोडली. एका जागी बोटं थांबली. तिनं दोरी जराशी उचलली, पुन्हा टेकवली, अन् पुन्हा उचलली.

"हे काय सर? असं लागते काय?"

"हो. असंच लागते."

तिनं गाठी मोजल्या. "एकतीस फूट," ती म्हणाली. मंग वहीकडं पाह्यलं. "सर, शेऱ्यात काय लिवता?"

तोंडातून जे निघालं नव्हतं, थे मास्तरनं खाली मान घालून लिवलं. वेळ लागला. पोरं म्हणत होते, पुढं चला, तर थे हातानंच थांबा म्हणत होते.