सहीने बरा केलेला गुडघा

माझ्या मुलीचा गुडघा मी सहीने बरा केला. एकतीस सह्या, एकाच बैठकीत, दोन पेनं आलटूनपालटून.

हे मी आजवर कुणाला नीट सांगितलेलं नाही. मुळात मी कमी बोलणारा माणूस. जव्हारच्या एका कचेरीत बावीस वर्षं लिपिक आहे. तिथे माझ्याऐवजी कागद बोलतात. पण आमच्या साखरशेत गावात लोक ही गोष्ट आपापल्या परीने सांगतात, आणि दर वेळी मी थोडा जास्त जोरात पडतो. तेव्हा आता मीच सांगतो.

सोनल माझी मुलगी, नववीत. शाळेच्या फुटबॉल संघात डावीकडून पळते. गेल्या वर्षी दाभोशाच्या मैदानावर तिने बॉलसाठी उडी मारली, उतरताना गुडघा आत वळला आणि ती दोन महिने घरात बसली. कुणी धक्का दिला नव्हता, कुणी लाथ मारली नव्हती. शाळेच्या कोच वैशाली मॅडम (वय चोवीस, आवाज मुख्याध्यापकांच्या दुप्पट) म्हणाल्या, "पोरींचे गुडघे नुसते लाथेनं नाही जात, काका. उतरताना आणि वळताना जातात. तोल शिकवायला लागतो."

म्हणून जुलैत त्यांनी प्रत्येक पालकाला एक तक्ता दिला. रोज वीस मिनिटं मुलीने गोधडीच्या घडीवर एका पायावर उभं राहायचं, गुडघा किंचित वाकवून. पालकाने समोरून बॉल टाकायचा, तिने झेलायचा. मग छोटी उडी आणि अलगद उतरणं. गुडघा बोटांच्या रेषेत राहतो की आत झुकतो, तेवढं पालकाने बघायचं आणि सही करायची. ज्यांचा महिना पुरा होईल, त्याच मुली मोखाड्याच्या सामन्याला जाणार.

मला हसू आलं. डोक्यावर आवणाचा, म्हणजे भाताच्या रोपांचा, भारा घेऊन शेताच्या बांधावरून चालणारी आमची पोरं, आणि त्यांना तोल शिकवायचा? तोही गोधडीवर?

पहिल्या दिवशी मी सहा वेळा बॉल टाकला. (दोन सोनलकडे, चार शेजारच्या परसात.) दुसऱ्या दिवशी तक्ता हातात घेतला आणि बावीस वर्षांची सवय जागी झाली. रिकामा रकाना मला बघवत नाही! बसलो आणि एक तारखेपासून एकतीस तारखेपर्यंतच्या सह्या करून टाकल्या. कधी निळं पेन, कधी काळं. नऊ तारखेची सही मुद्दाम वाकडी, म्हणजे त्या दिवशी घाई होती असं वाटावं. चौदा तारखेपुढे 'गुडघा सरळ' असा शेरा. पुढे चौदा तारखेला आमचं अख्खं घर पोशेऱ्याला माझ्या सासुरवाडीच्या भातलावणीत, पोटरीपर्यंत चिखलात उभं होतं. गुडघा सरळ की वाकडा, कुणाला दिसतही नव्हता!

"पप्पा, बॉल टाकता?" सोनल रोज संध्याकाळी विचारायची.

"आज दमलोय गं. उद्या."

एक दिवस तिच्या हाती तक्ता लागला. तिने तो बराच वेळ पाहिला. "एकतीसचीपण झाली?"

"झाली की!"

त्यानंतर तिने विचारलं नाही. पोरगी समजूतदार आहे, असं मला वाटलं.

महिनाअखेरीस मैदानावर पालकांची बैठक भरली. आमचा शेजारी लहानू, त्याची जयश्री संघाची गोलकीपर. त्याचा तक्ता चिखलाच्या बोटांनी भरलेला. एकोणीस सह्या, आणि बाकीच्या रकान्यांत त्याच्या हातचं 'नाय केला. आवण खणाय गेलतो.' जयश्रीचा महिना अपुरा. ती सामन्याला मुकली. मग मॅडमनी माझा तक्ता उंच धरला.

"हे बघा! एक दिवस चुकला नाही! टाळ्या वाजवा काकांसाठी! काका, पुढं या, करून दाखवा."

"नको, मॅडम. मी आपला…"

"जा ना, भाऊसाहेब!" लहानू म्हणाला. "आमालाबी कळू द्या, कसा करता तो."

मी चपला काढल्या. एका पायावर उभा राहिलो. सगळं मैदान हळूहळू डावीकडे कलायला लागलं.

"काका, गुडघा आत चाललाय! काका!" म्हणत मॅडमनी बॉल टाकला.

बॉल मी झेलला, हे मुद्दाम नमूद करतो. झेलला आणि बॉलसकट मागे मुख्याध्यापकांच्या मांडीवर बसलो. त्यांच्या प्लास्टिकच्या खुर्चीचे मागचे पाय चिखलात रुतले आणि आम्ही दोघं अगदी सावकाश, एकमेकांना धरून, उताणे झालो.

खरं बोलायची वेळ तीच होती. पण तोंडातून निघालं, "काल बांधावरून घसरलो होतो. पाय दुखतोय."

मॅडमच्या डोळ्यांत पाणी! "पाय दुखत असूनसुद्धा काकांनी करून दाखवलं!" पुन्हा टाळ्या.

संध्याकाळी लहानू तेलाची वाटी घेऊन हजर. "कोणता पाय?"

मी डावा पुढे केला. तो धडधाकट पाय चोळता चोळता लहानू म्हणाला, "सोनलचा गुडघा पक्का झाला असंल. जयश्रीचा अजून आत जातो कवा कवा. मीच बोललो मॅडमला, नका नेऊ. खेळ काय, पुढल्या साली हाय. गुडघा कुठून आणू दुसरा?"

मी डावा पाय आणखी थोडा पुढे सरकवला. (चोळत फार छान होता.)

सकाळी जीप आली. पोरी चढल्या. मी कालच्या थापेला जागून लंगडत निघालो.

"काल डावा होता ना, भाऊसाहेब?" लहानूने विचारलं.

मी लंगडायचा पाय बदलला, तेवढ्यात सोनल विसरलेली पाण्याची बाटली घ्यायला जीपमधून खाली उडी मारून उतरली, आणि तिचा गुडघा आत गेला. जराच. ती सावरली, बाटली उचलली. महिन्याभरात मी तिच्या गुडघ्याकडे पहिल्यांदा बघत होतो.

"थांबवा जीप!" मी ओरडलो. (जीप उभीच होती.)

"काय झालं, काका?"

"मॅडम, तक्ता खोटा आहे."

"कुठला दिवस?"

"दोन तारखेपासून पुढचे सगळे."

ड्रायव्हरने नीट ऐकू यावं म्हणून इंजिन बंद केलं.

"मंग पाय?" लहानूने विचारलं.

"पायपण."

सोनलने जीपमधून बॅग काढली. माझ्याकडे न बघता मॅडमना म्हणाली, "मला माहीत होतं. मला खेळायचं होतं म्हणून गप्प बसले." मॅडम तिच्या डोक्यावरून हात फिरवून जीपमध्ये बसल्या. तक्ता तेवढा त्यांनी जीपमधूनच माझ्या हातात परत दिला. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

चार दिवस सोनल माझ्याशी बोलली नाही. पाचव्या संध्याकाळी तिने पडवीत गोधडी टाकली आणि बॉल माझ्या पोटावर फेकला. अख्खा ऑगस्ट मी बॉल टाकला. लहानू यायचा जयश्रीला घेऊन, पायरीवर बसून मला शिकवायचा. "बॉलाकडं काय बघता, भाऊसाहेब? झेललान तिनं, नाय झेललान, सोडा. गुडघ्याकडं बघा." पहिला आठवडाभर तो आत झुकत होता. तिसऱ्या आठवड्यात सोनल डोळे मिटून एका पायावर उभी राहिली आणि मीच श्वास रोखून बसलो.

सप्टेंबरात जव्हारला सामना होता. दोघी खेळल्या. सोनल उडी मारायची, मी बघायचो. ती वळायची, मी बघायचो. एकदा दोन पोरी तिच्या अंगावर आल्या, ती एका पायावर उतरली आणि गुडघा बोटांच्या रेषेत, जागच्या जागी. मी डोळे पुसले. आजूबाजूचे लोक उड्या मारत होते. इतक्या लोकांना गुडघ्यातलं कळतं, याचं मला आश्चर्यच वाटलं.

सामना संपल्यावर सोनल धापा टाकत आली. "पप्पा, माझा गोल बघितला?"

"एकदम सरळ होता!"

"गोल?"

"गुडघा."

"अहो, मी गोल मारला! कुठल्या पायानं मारला, तेवढं तरी सांगा."

मी तिच्या दोन्ही पायांकडे बघितलं.

"तू ज्याच्यावर उभी होतीस," मी म्हणालो, "त्याच्या दुसऱ्या."