दाखला खाली ठेव

"दाखला खाली ठेव."

मास्तर असं म्हणाला तवा मी शाळंच्या पायरीखाली उभी हुते. बा माझ्या मागं, टोपी काढून, हात जोडून. मी वाकले आन् दाखला पायरीवर ठेवला. मास्तर आतनं छडी घिऊन आला. छडीच्या टोकानं कागद उलटा केला, सुलटा केला, उभ्या उभ्याच मान वाकडी करून वाचला. वाऱ्यानं कागद उडाया लागला तसा त्यानं त्यावर पाय दिला. पायताणासकट.

कागदाला पाय लागला तर आपण पाया पडतो. सरस्वती असती म्हणत्यात कागदात. आमच्या कागदात नसती वाटतं.

"उशीर झाला," मास्तर म्हणाला. "पट बंद झाला. पुढच्या वर्षी बघू."

झालं. एवढंच बोलला. 'तुमी मांग, तुमची पोरगी शाळंत नको' असं त्यो म्हणाला न्हाई. म्हणायची सोयच न्हवती. सगळ्यांची पोरं शाळंत घ्यायची असा वरनं हुकूम हुता. म्हणून त्यानं जात काढली न्हाई, तारीख काढली. मी तवा सात-आठ वर्सांची. मला वाटलं, खरंच उशीर झाला असंल. चूक आमचीच.

आमी म्हसवडाकडचं. तिकडं पाऊस दडी मारून बसला, वैरण न्हाई, काम न्हाई. माझा मामा ह्या गावात हुता. कुपवाडच्या पल्याड, नाव सांगत न्हाई, गाव अजून हाय तितंच. मामानं सांगावा धाडला. हितं ऊस हाय, उसाला पाणी, पाण्याला मोट, मोटंला दोर. दोर वळायचं काम आमचं. श्रावणात बोचकी उचलून आमी आलो. दुसऱ्या दिशी बानं मला शाळंत नेलं. म्हसवडाकडं मी शाळंत जायची. बाहीर व्हरांड्यात बसायची, पर बसायची. बाराखडी पाठ हुती. जोडाक्षरं तेवढी राहिली हुती.

मास्तर म्हणाला, "दाखला आणा. मग घेतो."

बा दाखला आणाया चालत गेला. जाताना चार दीस, येताना चार दीस. तिकडचा मास्तर रजेवर. त्याची वाट बघत बा सिद्धनाथाच्या देवळाम्होरं आठवडाभर पडून ऱ्हायला. येताना पाऊस. दाखला टोपीच्या घडीत, टोपीवर घोंगडं. अंग चिंब, पर कागद कोरडा. 'आणा' म्हणाला हुता मास्तर. कवापतोर आणा, ते बोलला न्हवता.

आता म्हणशीला, मांगाच्या पोरीला एवढी कशाला पायजे शाळा? सांगते. लढाई चालली हुती. माझा थोरला भाऊ पलटणीत हुता. त्याचं कार्ड यायचं. गावात वाचणार कोण? ह्योच मास्तर. आय कार्ड घिऊन पायरीखाली बसायची. मास्तर मोठ्यानं वाचायचा, चारचौघांत. "आये, तुझ्या हातची भाकर लय आठवती." आन् हसायचा. बाकीचंबी हसायचं. आय मान खाली घालून माती उकरत बसायची. वाटंनं मला म्हणायची, "बाये, तू शीक. माझ्या लेकराचं बोलणं कुणाच्या तोंडनं ऐकाया नको." मी कार्ड घिऊन बसायची, पर जोडाक्षर आलं की अडायची. भावाचं निम्मं बोलणं मला कळायचंच न्हाई.

म्हणून पायजे हुती शाळा. कळलं?

दसरा आला. दसऱ्याला शाळंत पाटीपूजन असायचं. पोरं पाटीवर एकाचे आकडे जोडून सरस्वती काढायची. नवं पोर शाळंत घालायचं तर दसऱ्याचा मुहूर्त लय चांगला, असं लोक म्हणायचं. त्या साली पाटलाचा नातू शाळंत जाणार हुता. पोरगा साताऱ्याला हुता आईबापाजवळ. बापाची बदली कुठं लांब झाली, तवा आई पोराला घिऊन गावी आली. कवा? नवरात्रात. आमच्या मागनं दोन म्हैन्यांनी.

पाटलाचा नातू शाळंत जाणार म्हंजे मिरवणूक. मिरवणूक म्हंजे हलगी. आन् हलगी म्हंजे माझा बा. सिद्धनाथाच्या रथाम्होरं वाजल्याली हलगी हुती ती, माझ्या आज्याची. बानं घुमवली की म्हातारी माणसंबी जागच्या जागी हलायची. बाला सांगावा आला. न्हाई म्हणायची ताकद कुणाची हुती?

सकाळी मिरवणूक निघाली. पोरगा घोड्यावर, जरीची टोपी, गळ्यात झेंडूचा हार, बगलंत नवी पाटी. म्होरं बा वाजवतोय. मी त्याच्या मागनं उसाच्या पाचटाचा भारा घिऊन. हलगीचं कातडं सैल पडलं की पाचटाचा जाळ करून तापवायचं, ते काम माझं. बा वाजवत हुता, पर माझ्याकडं बघत न्हवता. मला त्याचा राग आला. बाचा. खरं सांगते, आधी बाचाच राग आला.

शाळंपाशी मिरवणूक थांबली. मास्तर बाहीर आला, हात जोडून, दात काढून. पाटलाला खुर्ची दिली. आम्हांला म्हणाला, "तिकडं कडंला." आभाळ आलं हुतं, हलगी बसली हुती. बानं ती माझ्याकडं दिली, "तापवून आण." पायरीपासनं दहा पावलांवर मी जाळ केला. दार सताड उघडं. सगळं दिसत हुतं, सगळं ऐकू येत हुतं.

मास्तरानं पट काढला. त्योच पट. बंद झाल्याला. त्याला हळदकुंकू वाहिलं, फूल ठेवलं आन् उघडला.

पाटील म्हणाला, "मास्तर, ते दाखल्याचं काय?"

मास्तर म्हणाला, "येईल मागून, पाटील. दाखल्याची काय घाई आहे?"

माझ्या कानात एकदम शिट्टी वाजल्यागत झालं. हलगी हातात तशीच. मी पायरीपाशी गेले आन् वरडले, "मास्तर, पट उघडला व्हय? मग माझं नाव लिवा."

पोरांच्या तोंडात बत्तासे हुते, ती चघळायची थांबली.

"तुला सांगितलं ना, उशीर झाला?" मास्तर म्हणाला.

"त्यो माझ्या मागनं आलाय," मी पाटलाच्या नातवाकडं बोट केलं. "मी श्रावणात आलेय. त्याच्याकडं दाखलाबी न्हाई. माझ्याकडं हाय."

छडी आली. खांद्यावर, मग कानावर. मला दिसलीच न्हाई, लागली तवा कळली. पाटील खुर्चीतनं हललाबी न्हाई. म्हणाला, "हलगी वाजवा रं. मुहूर्त जातोय."

मी परत जाळाकडं गेले. हलगी जाळावर धरली. एवढ्याशा जाळावर कातडं ताणतं, मग लगीच काढायचं असतं. मला ठाऊक हुतं की. पाच वर्सांची असल्यापासनं तेच करत हुते. मी काढली न्हाई. उरलं तेवढं पाचट सगळं जाळावर टाकलं. केस जळल्यागत वास सुटला. बोटं भाजली. बा वरडला, "काढ! काढ गं!" मी त्याच्याकडं बघत ऱ्हायले आन् धरून ऱ्हायले. कातडं फाटलं. केवढा आवाज झाला! घोडं बुजलं.

पाटील उठला. बाला म्हणाला, "पोरगी तुझी न्हवं?"

"व्हय जी."

"मग तूच बडीव. हलगी बडिवतोस तशी."

बानं मला कवा बोट लावलं न्हवतं. त्यानं मारली. खोटी खोटी न्हाई, खरी. पहिली थोबाडीत बसली. दुसऱ्या दणक्याला मी पायरीवर तोंडावर आपटले, म्होरला दात तुटला. तोंड खारट झालं. तिसऱ्याला मी रगत थुंकून म्हणाले, "त्यो माझ्या मागनं आलाय." पोरं फिदीफिदी हसत हुती. बानं हात चवथ्यांदा उचलला. हात वरच ऱ्हायला. मी खालनं बघत हुते, त्यो पाटलाकडं वळला.

"आवं पाटील," बा म्हणाला, "पोरगी खोटं काय बोलली?"

तेवढंच बोलला. शिवी न्हाई, काय न्हाई. पाटलाच्या गड्यांनी त्याला खाली पाडला. काठ्या, लाथा. एकानं त्याचा उजवा हात धरून पायरीवर ठेवला. हलगीचं लोखंडी कडं जाळात पडलं हुतं, दुसऱ्यानं ते काठीनं बाहीर वढलं, धोतराच्या सोग्यात धरलं आन् बाच्या बोटांवर हाणलं. एकदा, दोनदा, तीनदा. ह्याच पायरीवर मी दाखला ठेवला हुता. मी त्या हाणणाऱ्याच्या पोटरीला चावले. लाथ बसली, तरी सोडलं न्हाई. त्याचं मांस माझ्या तोंडात आलं, आन् लाज वाटाया पायजे हुती, पर न्हाई वाटली. गोड लागलं मला ते. आत मास्तर नाव लिवत हुता. टाक दौतीत बुडवून, झटकून, वळणदार.

दुसऱ्या दिशी निरोप आला, दीस मावळायच्या आत गाव सोडा. मामानं दार लावून घेतलं. त्याला बोल लावत न्हाई. लावते, थोडा लावते.

सांगलीत आलो. बाजाराच्या मागं एका कुडाच्या आडोशाला ऱ्हायलो. आय हमाली कराया लागली. बाच्या हाताला चिंध्या बांधल्या हुत्या, बोटं काळी पडली हुती. दिवाळी झाली. बा म्हणाला, "चल." मी म्हणाले, "कुठं?" म्हणाला, "शाळंत."

नवी शाळा, नवा मास्तर. पर बोलणं तेच.

"उशीर झाला. दाखला आहे? खाली ठेव."

बा डाव्या हातानं दाखला काढून वाकाया लागला. मी त्याच्या हातातनं वढून घेतला. कागदावर पायताणाचा ठसा, आन् दसऱ्याला बाच्या टोपीत हुता तवाचा रगताचा डाग. मी हात म्होरं केला.

"खाली न्हाई ठेवणार. हातात घ्या."

मास्तर म्हणाला, "वेडी आहे का ही?" एरवी बा म्हणाला असता, 'पदरात घ्या मायबाप, पोर हाय.' त्या दिशी न्हाई म्हणाला. मास्तर आत गेला. मी हात तसाच म्होरं धरून. घंटा झाली. पाढे झाले. दुपारची सुट्टी झाली, पोरं भोवतीनं जमली, एकानं खडा मारला. दंडाला रग लागली, मग हात बधीर झाला, मग हात हाय का न्हाई तेच कळंना. बानं खालनं कोपराला डावा हात लावला. म्हणाला, "धर. म्या धरलंय."

शाळा सुटायच्या वक्ताला मास्तर आला. दाखला दोन बोटांच्या चिमटीत धरला, उंदीर उचलावा तसा. पर हातात घेतला. नाव लिवलं. म्हणाला, "उद्यापासून ये. व्हरांड्यात बसायचं."

मी म्हणाले, "आत बसणार." आन् बसले. त्यासाठी आठ दीस मार खाल्ला, त्ये निराळं.

जोडाक्षरं शिकले. भावाची कार्डं आयला मी वाचून दाखवली, सबंध. पर माझं नाव पटावर लागलं म्हणून बाची बोटं सरळ झाली न्हाईत. मरंपतोर त्याला त्या हातानं भाकर मोडाया आली न्हाई. लोक म्हणत्यात, म्हातारपणी माणूस मवाळ हुतं, माफ करतं. मी मवाळ झाले न्हाई. मी कुणाला माफ केलं न्हाई. दातबी बसवून घेतला न्हाई, फट तशीच ठेवलीय. कुणी इचारलं की सगळं सांगते, गावाचं नाव सोडून. आता वाटतं, तेबी सांगावं.

परवा एका हापिसात गेले. टेबलामागचा पोरगा वर न बघता म्हणाला, "आजी, कागद ठेवा तिथं."

मी म्हणाले, "ठेवणार न्हाई. हातात घे. तू घेईपतोर मी हितंच उभी हाय."