‘येतो’ म्हणालो आणि दार उघडलं

चहा ठेवताय ना? मग सांगतो. पण हसून झाल्यावर हे सोसायटीच्या ग्रुपवर टाकायचं नाही, आधी कबूल करा. कारण माझ्या स्वतःच्या घरात मी स्वतः चोर सोडला. भर दुपारी, आणि तोही सनई वाजवून!

मी एक प्रोग्राम लिहिलाय. नाव ‘घरगडी’. दाराजवळ एक छोटा डबा बसवायचा, त्याच्याशी मराठीत बोलायचं. दिवे, पंखे, गीझर, दाराचं कुलूप, सगळं तो बघतो. प्रोग्राम फुकट आहे आणि कोणीही उघडून बघावा, बदलावा, सुधारावा असा आहे. लोक वापरतात, चुका कळवतात, मी सुट्टीच्या दिवशी त्या दुरुस्त करत बसतो. माझी बायको सायली म्हणते, हा स्वयंपाकघरातला गळका नळ सोडून जगातली सगळी घरं दुरुस्त करतो.

‘आलो’, ‘येतो’, ‘येते’ असं ऐकलं की घरगडी कुलूप उघडतो, दिवा-पंखा-गीझर लावतो, सनई वाजवतो आणि माझ्या आवाजात म्हणतो, “या, या! बसा!” ‘जातो’, ‘जाते’ किंवा ‘बाय’ ऐकलं की सगळं बंद, दाराला कुलूप आणि “सावकाश जा!” आता यात चुकायला जागा आहे का? सांगा ना!

होती. साताऱ्याच्या वैशालीताईंनी कधीच कळवलं होतं, “दादा, आम्ही बाहेर पडलो की घर सनई वाजवतं. जरा बघा.” मी कसला बघतोय! आपल्या कामावर भारी विश्वास. उत्तर ठोकलं, “प्रोग्राम बरोबर आहे. तुम्ही शब्द नीट वापरा.” आणि तक्रार बंद करून टाकली.

आमच्या घरी कधी काही बिघडलं नाही, कारण आम्ही दोघं निघताना ‘बाय’ म्हणणारी.

मग अप्पा आले. अप्पा म्हणजे माझे वडील, उरणकडे गावी असतात. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं म्हणून त्यांना रोडपालीला आमच्याकडे आणलं. एका डोळ्यावर पट्टी, दुसऱ्याने जेमतेम दिसतं. दुसऱ्याच दिवशी खारघरला सायलीच्या मावसबहिणीचा साखरपुडा होता. अप्पांना एकटं सोडायचं माझ्या जिवावर आलं होतं, पण तेच म्हणाले, “जावा रे तुमी, मी काय ल्हान पोर हाय?”

चपला घालता घालता मी म्हणालो, “अप्पा, जातो हं.”

“जातो काय म्हनतंस? येतो म्हन!”

“बरं. येतो.”

दार ओढलं आणि लिफ्टमध्ये शिरलो. आमचा डबा स्वस्तातला आहे, ऐकलेलं समजायला त्याला जरा वेळ लागतो. तोवर आम्ही खाली पार्किंगमध्ये, तिथे नेटवर्कच्या नावाने बोंब. त्यामुळे मेसेज आला तो थेट कळंबोलीच्या सर्कलला, लोखंडाच्या सळया लादलेल्या दोन ट्रेलरच्या मध्ये आमची गाडी अडकलेली असताना. माझा फोन सायलीच्या मांडीवर होता. तिने वाचलं, “दार उघडलं. कोणीतरी घरी आलं आहे.”

घरात अप्पा एकटे!

सायलीने तिच्या फोनवरून अप्पांना फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. अप्पा कुजबुजत होते.

“घरात कोनतरी शिरलाय. पंखा लावलान. सनई लावलान. आनी मोरीत गरम पान्याचा लाल दिवा लागलाय.”

सायली म्हणाली, “अरे, चोर कशाला गीझर लावेल?”

“अगं, इतका निवांत आहे म्हणजे हत्यारच असणार त्याच्याकडे!”

हसू नका. तुमचे वडील असते तर कळलं असतं. पुढे ट्रेलर, मागे ट्रेलर, गाडी वळवायला वीतभर जागा नाही. हॉर्न दाबून दाबून अंगठा दुखायला लागला. प्रोग्राम चुकला असेल हे तेव्हा माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही. घरगडी म्हणतोय ना कोणी आलंय, मग आलंच असणार!

“माझ्या फोनवरून दाराला कुलूप लाव,” मी सायलीला म्हणालो. “चोर आतच सापडला पाहिजे.”

तिने लावलं. खट्!

आणि मग ती किंचाळली, “अरे, पण अप्पा पण आतच आहेत!”

“उघड! उघड!”

तिने उघडलं. स्पीकरमधून पुन्हा सनई, आणि पाठोपाठ माझाच आवाज, “या, या! बसा!”

अप्पा आणखी हळू बोलायला लागले. “निल्या, आनकी एक आला. आनी तूच त्याला बसा म्हनतंस! तू घरात हायस का भायेर?”

“अप्पा, मी बाहेर आहे! तुम्ही हलू नका!”

“दिवे घालव,” मी सायलीला म्हटलं. “अप्पांच्या डोळ्यासाठी पडदे ओढलेलेच आहेत, अंधारात घाबरून पळतील.”

दिवे गेले. अप्पा म्हणाले, “दिवे घालवलान रे. आता काय खरं नाय.”

खोटं कशाला सांगू, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. ज्या माणसाने उन्हातान्हात मिठागरात राबून मला शिकवलं, त्याला मी एका डब्याच्या भरवशावर टाकून साखरपुड्याचे पेढे खायला निघालो होतो. सायलीने समोरच्या फ्लॅटमधल्या शिंदेकाकांना फोन केला. काका बॅडमिंटनची रॅकेट घेऊन आमच्या दारात उभे राहिले. आत शिरायला मात्र ते तयार नव्हते. म्हणाले, “दोघं आहेत ना? मग तुम्ही या, तोवर मी पाळत ठेवतो.”

कसेबसे सर्कलमधून सुटलो आणि घर गाठलं. मी पुढे, काका माझ्या मागे, काकांच्या मागे सायली. दार ढकललं. अप्पा कॉटवर काठी उगारून बसलेले. मी “अप्पा, मी आहे!” म्हणेपर्यंत काठी माझ्या खांद्यावर पडलीसुद्धा.

कपाटं, गॅलरी, पलंगाखाली, सगळं बघितलं. कोणी नाही. वस्तू जिथल्या तिथे, बाथरूममध्ये कढत पाणी तयार. अप्पांचा हात हातात घेऊन मी बसलो, तो सोडवेना.

शिंदेकाकांनी रॅकेट काखेत मारली. “पळाले वाटतं मला बघून. चला, येतो मी.”

ते चपला शोधत होते. आम्ही सुटकेचा निःश्वास टाकत होतो. आणि सगळे दिवे लागले. सनई वाजली. माझा आवाज आला, “या, या! बसा!”

काका एकच चप्पल घालून तसेच उभे. “अहो, मी निघालोय!”

मग सायली हळूच माझ्याकडे वळली. “निलेश, निघताना तू काय म्हणाला होतास?”

तुम्हीच सांगा, आपल्यात निघताना ‘जातो’ कोण म्हणतं? मी त्याच गावात वाढलो, ‘जातो’ म्हणून आईच्या शिव्या खाल्ल्या, आणि प्रोग्राम लिहिताना बसलो शब्दकोश उघडून! घरात चोर एकच होता, आणि तो कळंबोलीच्या सर्कलला हॉर्न वाजवत होता.

त्याच संध्याकाळी चूक दुरुस्त केली. ‘येतो’ म्हटलं की माणूस निघाला, कुलूप बंद. फोनवरून दार उघडायची सोयही काढून टाकली, पुन्हा असला घोळ नको. नवी आवृत्ती सगळ्यांसाठी सोडली आणि शांत झोपलो.

दुसऱ्या दिवशी सायली ऑफिसला गेली. किल्ली तिच्याकडेच असते. मी दार नुसतं ओढून खाली अप्पांसाठी शहाळी आणायला गेलो. दोन्ही हातांत शहाळी घेऊन वर दारापाशी पोचतो तोच अप्पांचा फोन. कसाबसा कानाला लावला.

“कुठं हायस रे?”

“दारातच आहे अप्पा, येतो!”

अप्पांचा फोन स्पीकरवर, आणि अप्पा डब्याशेजारी. थोडा वेळ काहीच नाही. मग खट्! आतून माझाच आवाज आला, “सावकाश जा!”

“अप्पा, दार उघडा! मी आहे!”

“तू तं आत बोललास आता. मंग भायेर कोन हाय?”

“मीच आहे, अप्पा! निलेश!”

“कालपासनं मी कोनावर इस्वास ठेवत नाय. सायली येल, मंग उघडीन.”

आणि काठी आपटल्याचा आवाज आला. काय करणार? बसलो जिन्यात, शहाळी मांडीवर घेऊन. शिंदेकाका बाहेर आले, मला बघितलं आणि परत आत गेले. शेवटी लाज गुंडाळून ठेवली. वैशालीताईंची ती जुनी तक्रार पुन्हा उघडली आणि खाली लिहिलं, “ताई, चूक माझीच होती. माफ करा. पण आता मी दारात उभा राहून ‘येतो’ म्हटलं की घर मला बाहेर ठेवून कुलूप लावतं. काही उपाय सुचतो का?”

ताईंचं उत्तर लगेच आलं.

“प्रोग्राम बरोबर आहे, दादा. तुम्ही शब्द नीट वापरा.”