कंडक्टरसाहेबांची बसायची परीक्षा

कंडक्टरसाहेब पहिल्यांदा माझ्या लक्षात आले ते ड्रायव्हरनं करकचून ब्रेक दाबला तेव्हा. रस्त्यात कुत्रं आडवं आलं होतं. अख्खी बस पुढे कोसळली. मी तेव्हा नवा नवा मास्तर. तपासलेल्या वह्यांच्या गठ्ठ्यासकट एका आजीबाईंच्या पायाशी जाऊन पडलो. मान वर करून बघतो तर सगळी बस आडवी, आणि मधल्या वाटेत हा एकच माणूस उभा. कशालाही न धरता, पाय किंचित फाकवून, तिकिटाला भोक पाडत. त्यांनी वाकून ते तिकीट माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "मास्तर, मागे जागा आहे. जमिनीवर बसायचं तिकीट नसतं."

माझ्या बाहीवर खडूची पूड होती, त्यावरून त्यांनी ओळखलं असावं.

पुढे कित्येक वर्षं मी त्यांच्याच बसनं शाळेत गेलो. त्यांना कधी दांड्याला धरलेलं पाहिलं नाही, आणि ड्रायव्हरबद्दल कधी चांगलं बोलताना ऐकलं नाही. बस कंडक्टर चालवतो, ड्रायव्हर फक्त वळवतो, असं त्यांचं मत होतं. वळवण्यात काय मोठंसं, असं त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असायचं.

मी निवृत्त झालो, तेही झाले, आणि योगायोगानं ते दोघं नवरा-बायको माझ्याच इमारतीत, माझ्या डोक्यावरच्या मजल्यावर राहायला आले. येताना पार्किन्सन बरोबर घेऊन आले. त्यांच्या उजव्या हाताचा अंगठा आणि बोट सारखे एकमेकांवर घासत असत, जणू अजून तिकिटं सुटी करताहेत. आवाज बारीक झाला होता. पावलं आखूड पडत. आणि दाराशी आले की पाय जमिनीला चिकटत.

हे चिकटणं ते मोठ्या शिताफीनं लपवत. एकदा सकाळी मी दूध घेऊन येत होतो, तर कंडक्टरसाहेब इमारतीच्या मुख्य दारात उभे. एक पाऊल आत, एक बाहेर. मागे चारपाच माणसं खोळंबलेली. साहेबांनी शांतपणे हात वर केला. "आधी उतरणाऱ्यांना उतरू द्या," ते म्हणाले. "घाई नको. पुढे चला, पुढे रिकामं आहे." माणसं एकेक करून त्यांना वळसा घालून बाहेर पडली. एका गृहस्थांनी तर चक्क आभार मानले. सगळे गेल्यावर ते माझ्याकडे बघून हळूच म्हणाले, "मास्तर, जरा खांदा द्या. गाडी बंद पडलीय."

त्यांच्या बायकोला मी वहिनी म्हणतो. वहिनींची तक्रार वेगळीच होती. "जन्मभर हलत्या गाडीत उभा राहिलेला माणूस," त्या म्हणायच्या, "आणि घरात पडतो. कुणाला सांगायची सोय नाही."

"घर हलत नाही, हीच तर अडचण आहे," साहेब म्हणत. "स्थिर जमिनीची सवय लागते माणसाला. मला वेळच मिळाला नाही."

ते पडले की आमचा छताचा दिवा हलायचा. एकदा ओट्यापाशी पडले, एकदा कपाटापाशी. मग एकदा न्हाणीघराच्या दारात पडले आणि कपाळाला टाके पडले, तेव्हा त्यांची लेक बॅग घेऊनच आली.

लेक अपघात विम्याच्या ऑफिसात दावे तपासते. लोक कसे पडले हे वाचणं, हाच तिचा दिवसभराचा उद्योग. तिनं बापाला समोर बसवलं आणि म्हणाली, "बाबा, ओल्या फरशीवर घसरणारे वेगळे. गालिच्यात पाय अडकून पडणारे वेगळे. तुम्ही कशातही न अडकता पडता. याला आमच्याकडे रकानाच नाही."

तिनं आपल्या घरी तळमजल्यावर खोली तयार ठेवली होती. पलंगाला दोन्ही बाजूंनी कठडे होते, उशाशी घंटी होती, आणि खाली पाय ठेवला की शिट्टी मारणारी चटई होती. साहेब त्या खोलीला डेपो म्हणत. "मला डेपोत लावायला निघालीय," ते मला म्हणाले. "डेपोत लावलेली गाडी परत रस्त्यावर आलेली तुम्ही पाहिलीत कधी?"

मी पाहिली नव्हती. वहिनींनीही पाहिली नव्हती. त्यांनी आधीच कपाटं आवरायला घेतली होती आणि दर कपड्याच्या घडीबरोबर डोळे पुसत होत्या.

शेवटी डॉक्टरांनी तोड काढली. तोल सांभाळण्याचा एक वर्ग असतो, तिथं साहेबांनी जायचं. वर्ग संपला की परीक्षा. परीक्षेला लेक स्वतः येणार. नीट झाली तर साहेब आपल्या घरी राहणार, नाही झाली तर डेपो. साहेब कबूल झाले. वहिनींचे गुडघे दुखतात, म्हणून सोबत जायचं काम माझ्याकडे आलं.

वर्ग एका जुन्या सभागृहात भरायचा. शिकवणारी फिजिओ वयानं माझ्या शेवटच्या तुकडीतल्या मुलींएवढी, पण आवाज मुख्याध्यापिकेचा. ती एकेकाच्या मागे उभी राहून खांद्याला हलकेच धक्का द्यायची. अचानक तोल गेला तर पाऊल टाकून सावरता यावं, म्हणून. घड्याळं दुरुस्त करणारे एक काका होते, ते दर धक्क्याला तिच्या हातावर कोसळायचे. साहेबांना धक्का दिला तर ते तसूभरही हलले नाहीत. मागे न बघता म्हणाले, "गर्दी आहे. समजून घ्या."

तिनं जरा जोरात ढकललं.

"पुढच्या स्टॉपला उतरायचंय का?" साहेबांनी विचारलं.

धक्क्यात पहिला नंबर. मग तिनं त्यांना चालत जाऊन मागे वळायला सांगितलं, आणि तिथं साहेब भेलकांडले. मी होतो म्हणून निभावलं. तिनं त्यांना पुन्हा वळायला लावलं, खाली बसून त्यांचे पाय बघितले आणि म्हणाली, "काका, तुम्ही जागच्या जागी गर्रकन वळता. पायात पाय अडकतो. हे कुठं शिकलात?"

"सीटांच्या मधल्या वाटेत," साहेब म्हणाले. "तिथं दुसरं कसं वळणार?"

"मग आता कंडक्टरसारखं नाही वळायचं. बससारखं वळायचं. मोठा वळसा, पुढे चालत चालत."

साहेबांचा चेहरा या आजारानं तसा फारसा हलत नाही. पण मी त्यांना ओळखतो. त्यांना लागलं होतं. "मॅडम," ते म्हणाले, "वळवणं हे ड्रायव्हरचं काम आहे."

"काका, आता तुमच्या गाडीत ड्रायव्हर कोण आहे?"

घरी परतल्यावर ते जिन्यात कठड्याला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "इतकी वर्षं मी त्या माणसाला नावं ठेवली, मास्तर. आणि आता त्याचीच नोकरी धरायची. तीसुद्धा बिनपगारी."

पण एकदा कामावर रुजू झाले की कंडक्टरसाहेब काम चोख करणार. दुसऱ्या दिवसापासून वरच्या मजल्यावर वाहतूक सुरू झाली. सोफा वळणात येतो म्हणून भिंतीला लागला. गोल टेबल माझ्याकडे आलं. दारांच्या उंबऱ्याशी वहिनींनी फिजिओनं सांगितल्याप्रमाणे पिवळी चिकटपट्टी लावली. पाय चिकटले की ओढाताण करायची नाही. थांबायचं, वजन या पायावरून त्या पायावर घ्यायचं, आणि मग पट्टीच्या पलीकडे मोठं पाऊल टाकायचं. साहेब त्यात आपली भर घालत. थांबत, डुलत, तोंडानं "टिंग टिंग" म्हणत आणि मग निघत. पुढे पुढे गॅसवालाही त्या पट्टीशी थांबून आदबीनं पाऊल उचलू लागला.

"यांना दार उघडायला सांगून बघा," वहिनी म्हणाल्या. "आधी उजवा हात बाहेर काढून खूण करतात. मग सगळ्या हॉलला वळसा. तोवर आलेला माणूस चिठ्ठी लिहून परत गेलेला असतो."

"हात दाखवल्याशिवाय वळलं तर मागचा येऊन आदळेल," साहेब म्हणाले.

"मागे कोण आहे? मीच आहे ना?"

"म्हणूनच दाखवतो."

मात्र छताचा दिवा हलायचा थांबला. मी वरचेवर त्याच्याकडे बघायचो.

परीक्षेच्या दिवशी लेक ऑफिसच्या कपड्यांतच आली आणि भिंतीला पाठ लावून, हाताची घडी घालून उभी राहिली. वहिनी दुखत्या गुडघ्यांनी आल्या होत्या. परीक्षा दिसायला सोपी असते. खुर्चीतून उठायचं, जमिनीवर आखलेल्या रेघेपर्यंत चालायचं, वळायचं, परत यायचं आणि खुर्चीत बसायचं. उठताना घड्याळ सुरू होतं, पाठ खुर्चीला टेकली की बंद. घड्याळवाले काका आधी होऊन गेले. वळताना थोडे धडपडले, पण निभावले.

साहेब उठले. लांब पावलं टाकत रेघेपर्यंत गेले. हात दाखवला. असा डौलदार वळसा घेतला की फिजिओच्या ओठांवर हसू आलं. परत आले, खुर्चीपाशी पोचले, पाठमोरे झाले. आणि उभेच राहिले.

"काका, बसा," फिजिओ म्हणाली. तिच्या हातातलं घड्याळ चालूच होतं.

साहेब बसेनात.

"पाय चिकटले का? वजन या पायावरून त्या पायावर घ्या."

"पाय ठीक आहेत," साहेब म्हणाले. त्यांनी सभागृहावरून सावकाश नजर फिरवली. "माणसं उभी आहेत."

"म्हणजे?"

वहिनींनी कपाळाला हात लावला. "कुणी उभं असलं की हे बसत नाहीत. आमच्या लग्नातही बसले नव्हते."

"अहो, पण ही बस नाहीये."

"मॅडम, तुम्ही म्हणालात बससारखं वळा. मी वळलो. आता मधेच बस नाही, असं कसं म्हणता?"

फिजिओनं घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि सरळ जमिनीवर फतकल मारली. मी वहिनींना बाकावर बसवलं आणि शेजारी टेकलो. झाडलोट करणाऱ्या बाई दारात उभ्या होत्या. त्यांनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या. उरली लेक.

"बाबा, बसा," ती म्हणाली. "वेळ जातोय."

"तू बस आधी."

"मी बसणार नाही. मी परीक्षा बघायला आलेय."

"मग मीही बसणार नाही."

"अगं बस की गं बाई," वहिनी कळवळून म्हणाल्या. "तुझ्या हट्टापायी माझं घर उठेल."

"हट्ट माझा? आई, माझा?"

फिजिओच्या हातातलं घड्याळ पुढे पळत राहिलं. बाप मध्यभागी उभा, लेक भिंतीशी उभी, दोघांच्या हनुवट्या एकाच कोनात. मी आयुष्यभर परीक्षेच्या वर्गावर देखरेख केली, पण परीक्षार्थी आणि निरीक्षक दोघंही नापास व्हायला बसलेले, असं पाहिलं नव्हतं.

मग लेकीच्या नजरेत काहीतरी बदललं. ती बापाच्या चेहऱ्याकडे बघत होती, ती त्यांच्या पायांकडे बघू लागली. पाय किंचित फाकलेले होते. हात मोकळे होते. एकाची बोटं आपली तिकिटं सुटी करत होती. आसपास धरायला काही नव्हतं, आणि त्यांनी धरलंही नव्हतं.

"किती वेळ झाला हे असे उभे आहेत?" तिनं फिजिओला हळूच विचारलं.

"विचारू नका," फिजिओ खालून म्हणाली. "मी आता आकडे बघणं सोडलंय. पण या वर्गात कुणी एवढा वेळ आधाराशिवाय उभं राहिलेलं नाही. भांडत तर नाहीच नाही."

लेकीनं हाताची घडी सोडली. ती वहिनींच्या पलीकडे बाकावर येऊन बसली. पर्स मांडीवर घेतली आणि समोर बघत म्हणाली, "बसले. आता बसा."

साहेबांनी पुन्हा एकदा सगळीकडे पाहिलं. मग शिकवल्याप्रमाणे खुर्ची पोटऱ्यांना लागेपर्यंत मागे सरकले, दोन्ही हात मागे नेऊन खुर्चीचे हात धरले, पुढे वाकले आणि धपकन न आदळता, सावकाश, एखाद्या न्यायाधीशासारखे बसले. घड्याळ थांबलं.

फिजिओनं नियमाप्रमाणे सांगितलं, की वेळेत ते नापास आहेत, इतके की तिच्या तक्त्यात ती वेळ बसतच नाही. चालण्यात, वळण्यात आणि बसण्यात पास. लेकीनं ते ऐकून घेतलं. दाव्यांचे कागद वाचावेत तसा कोरडा आवाज काढून ती म्हणाली, "खोली राहू दे तशीच. पुढची परीक्षा सहा महिन्यांनी ना? मी येईन. पहिल्यापासून बसूनच बघेन."

त्यानंतर साहेब एकदा पडले. फोन वाजला म्हणून सवयीनं गर्रकन वळले आणि सोफ्यावर आडवे झाले. लागलं काही नाही. वहिनींनी "ड्रायव्हर कुठं गेला होता?" असं विचारलं म्हणून दिवसभर त्यांच्याशी बोलले मात्र नाहीत.

कंडक्टरसाहेब अजून आमच्या वरच्याच मजल्यावर राहतात, आणि सोमवारी व गुरुवारी सकाळी तोल सांभाळण्याच्या वर्गाला जातात.