शरयूचं फेअर जर्नल

कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटच्या मराठी मंडळात फलक लिहायची वेळ आली की सगळ्यांना शरयू सावर्डेकर आठवते. गणपतीचा कार्यक्रम असो नाहीतर घरटी एकेक पदार्थ आणायचं साधं पॉटलक, फलक तिच्याच मोत्यासारख्या अक्षरात हवा. "छापून आणलं तरी चालेल की," असं एकदा एका नव्या सभासदानं सुचवलं होतं. शरयूनं त्याच्याकडे असं काही पाहिलं की पुढच्या वर्षी तो गुपचूप खुर्च्या लावायच्या कमिटीत गेला.

हे अक्षर सांगलीचं. तिथल्या कॉलेजात बी.एस्सी. करताना तिच्या रसायनशास्त्राच्या जर्नलला सलग दोन वर्षं पहिलं बक्षीस होतं. प्रयोगशाळेत कच्च्या वहीत आकडे खरडायचे आणि घरी येऊन सगळं पक्क्या वहीत उतरवायचं: डावीकडे पेन्सिलीनं आकृती, उजवीकडे मजकूर, मथळे लाल शाईत. हेच ते फेअर जर्नल. एखादा आकडा आलेखाच्या रेषेवर बसत नसला तर त्याला हळूच ढकलून बसवायचं. उत्तर काय यायला हवं हे सरांना ठाऊक असायचं, मुलांनाही ठाऊक असायचं, त्यामुळे आपण काही खोटं करतोय असं कुणाच्या मनातही यायचं नाही. खाडाखोड दिसली की मात्र सर पान परत करत. शरयूचं एकही पान कधी परत आलं नाही, आणि हे ती अजूनही ऐकवते.

लग्न होऊन सुमंतबरोबर ती इथे आली तेव्हा तिच्या व्हिसावर नोकरीची परवानगी नव्हती. ती मिळेपर्यंत नऊ वर्षं गेली. आता ती एका औषधांच्या दुकानात गोळ्या मोजते, बाटल्यांवर लेबलं लावते. फर्स्ट क्लासची पदवी ट्रंकेत आहे. त्याबद्दल ती कुरकुरत नाही, पण जे स्वतःला करता आलं नाही ते सगळं तिनं मुलीच्या, रुहीच्या, शाळेत ओतलं हे खरं, आणि त्यात तिचं काही चुकलं असं मला तरी वाटत नाही.

शाळाही तशीच जबरदस्त. चार्टर हायस्कूल म्हणजे सरकारी पैशावर चालणारी, फी न घेणारी, पण आपले नियम आपणच करणारी शाळा. प्रवेश चिठ्ठ्या टाकून. रुहीचं नाव निघालं त्या दिवशी शरयूनं शेजारच्या चारही टाउनहाउसमध्ये बेसनाचे लाडू वाटले. मग कळलं की चिठ्ठी निघणं हा सोपा भाग होता. शाळेची बस नाही, रोज नेणं-आणणं आईबापांनी करायचं. शिवाय पालकांनी वर्षाला तीस तास शाळेत काम करायचं. अभ्यास एवढा की नववीत रुहीबरोबर आलेली कित्येक मुलं दहावीपर्यंत टिकली नाहीत. रुहीला नववीत पहिल्यांदा सी हा जेमतेम ग्रेड मिळाला तेव्हा ती गाडीत बसून इतकी रडली की शरयूला गाडी बाजूला घ्यावी लागली. "सोडायची का शाळा?" शरयूनं विचारलं. रुहीनं नाक पुसलं आणि म्हणाली, "नो वे. आधी हा सी काढून टाकते." त्या एका वाक्यावर शरयू वर्षभर खूश होती.

बारावीला प्रत्येकानं वर्षभराचा एक शोधप्रकल्प करायचा असतो. प्रकल्प बघणार होत्या मिस ओर्टेगा. रुहीनं गावातल्या लेक एलिझाबेथ या तळ्याचं पाणी निवडलं. पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन दर आठवड्याला मोजायचा आणि तो कधी, का कमी होतो ते शोधायचं. सप्टेंबरपासून बावीस शनिवार, सकाळी सातला, मायलेकी तळ्यावर हजर. रुही मीटर पाण्यात सोडायची, शरयू गुडघे टेकून थर्मामीटर वाचायची. आजूबाजूला बदकं आणि हंस यांचा गोंगाट. एकदा वहीच चिखलात पडली आणि एका हंसानं तिच्यावरून मोर्चा नेला.

वही जमा करायच्या आधीच्या शनिवारी-रविवारी रुही वादविवाद स्पर्धेसाठी सॅक्रामेंटोला गेली होती. परत यायची ती सोमवारी संध्याकाळी. जाताना सांगून गेली, "आई, मंडेला तू शाळेत व्हॉलंटिअर करणार आहेस ना? माझी नोटबुक मिस ओर्टेगांच्या बॉक्समध्ये ठेव. बाराच्या आत. प्लीज विसरू नकोस."

शनिवारी दुपारी शरयूनं वही उघडली आणि कपाळाला हात लावला. चिखलाचे डाग. आडव्या रेघा मारून खोडलेले आकडे. समासात बारीक अक्षरातली बडबड. पहिल्याच पानावर नियम छापले होते: शाईनंच लिहा, काही खोडून नाहीसं करू नका, चूक झाली तर तिच्यावर एकच रेघ मारा, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख घाला. शरयूनं ते वाचले. हे कच्च्या वहीचे नियम, असं ती धरूनच चालली. पोरीला बिचारीला पक्की वही करायला वेळच मिळाला नाही!

"तू कशाला हात घालतेस त्यात?" सुमंत म्हणाला.

"तुमचं जर्नल मित्रानं लिहिलं होतं. तुम्ही बोलू नका," शरयू म्हणाली.

दोन दिवस जेवणाच्या टेबलावर पसारा होता. नवी वही, दोन पेनं, पट्टी. बावीस आठवडे तिनं असे काही उतरवले की सांगलीच्या सरांनी छातीशी धरले असते. समासातली बडबड गाळली. बाकी सगळे आकडे सात-आठच्या घरात असताना तिसऱ्या आठवड्यात एक खोडलेला ३.१ आणि त्याखाली चिखलानं बरबटलेलं काहीतरी होतं. त्या दिवशी मीटर काहीतरी कटकट करत होतं असं तिला पुसट आठवलं. उघड चूक. तिनं तिथे ७.१ लिहिलं आणि आलेखाची रेषा सरळ केली. सोमवारी साडेअकराला वही मिस ओर्टेगांच्या बॉक्समध्ये ठेवताना तिची मान ताठ होती.

मंगळवारी दुपारी शाळेची ईमेल आली. वहीतलं अक्षर रुहीचं नाही, सगळी वही एका बैठकीत लिहिल्यासारखी दिसते, आणि तिसऱ्या आठवड्याचा आकडा बदललेला आहे. गुरुवारी सचोटी समितीपुढे यावं. दोष सिद्ध झाला तर प्रकल्प रद्द होईल, आणि रुहीनं जिथे जिथे अर्ज केलेत त्या सगळ्या कॉलेजांना कळवलं जाईल.

रुहीनं ईमेल दोनदा वाचली. "आई, तू माझा डेटा चेंज केलास?"

"मला वाटलं चूक आहे, बाळा."

"चूक नाहीये! तो थ्री पॉइंट वन हाच माझा प्रोजेक्ट आहे! त्या वीकमध्ये हीट वेव्ह होती. ऑक्सिजन पडला, म्हणून तर मी पुढचं सगळं केलं. मिस ओर्टेगांना मी तेव्हाच धावत जाऊन सांगितलं होतं." तिचा आवाज फाटला. "ओरिजिनल कुठेय? फेकलीस?"

फेकली नव्हती. सांगलीची बाई कोरी पानं शिल्लक असलेली वही फेकत नाही. ती स्वयंपाकघरातल्या खणात होती, आणि बाविसाव्या आठवड्याच्या पुढच्या पानावर शरयूच्या सुंदर अक्षरात लिहिलं होतं: तूरडाळ, गवार, कोथिंबीर दोन जुड्या. रुहीनं ते पाहिलं आणि वही घेऊन खोलीत गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर शरयूला बरं वाटलं असतं.

संध्याकाळी सुमंतनं तोडगा काढला. "सांगू या, रुहीचा हात दुखत होता. तिनं सांगितलं, आईनं लिहिलं. आकडा ऐकण्यात चुकला. मिटलं."

रुही आईकडे बघत राहिली. शरयूला मोह झाला नाही असं नाही. तिनं तो क्षणभर तोंडात धरला आणि टाकून दिला. "नाही. आकडा मी एकदा सरळ केला, आता गोष्ट सरळ करायची नाही. जे झालं तेच मी सांगणार."

बुधवारी दुकानात गोळ्या मोजता मोजता ती इंग्रजी वाक्यं पुटपुटत होती.

गुरुवारी समितीत मिस ओर्टेगा, गणिताचे एक सर आणि विद्यार्थ्यांची प्रतिनिधी म्हणून अकरावीतली उर्वी अशी तिघं होती. आधी एक फॉर्म भरायला दिला. नाव. विद्यार्थ्याशी नातं. प्रकल्पातला सहभाग. शेवटच्या रकान्यात शरयूनं ठळक अक्षरात 'काही नाही' अशा अर्थाचं 'नन' लिहिलं. मुलीवर आणखी संशय नको. मग ती उभी राहिली. इथे उभं राहायची पद्धत नव्हती, पण सांगलीत तोंडी परीक्षा उभ्यानंच होते.

"आय चेंज्ड द नंबर," ती म्हणाली. "माय डॉटर डिड नॉट नो." पाठ केलेलं तिथेच संपलं. पुढचं जमेल तसं आलं. जर्नल, लाल शाई, परत येणारी पानं, रेषेवर बसवलेले आकडे. "आम्हाला स्वच्छ वही करायला शिकवलं. खरी वही करायला शिकवलं नाही. हे मी परवा शिकले. शिक्षा द्यायची तर मला द्या."

रुही पुढे सरकली. "वही माझी जबाबदारी होती. मी ती स्वतः जमा करायला हवी होती." आणि तिनं चिखलाची वही टेबलावर ठेवली.

तिघं पानं उलटत राहिली. शेवटी तूरडाळीपाशी पोचल्यावर गणिताच्या सरांनी विचारलं, हा कोणता डेटा? रुहीनं सांगितलं. सर हसू दाबत खिडकीबाहेर पाहू लागले. उर्वी मात्र तिसऱ्या आठवड्यापाशी अडकली होती. चिखल नखानं खरवडून ती रुहीनं समासात लिहिलेलं इंग्रजी मोठ्यानं वाचायला लागली. "तीन पॉइंट एक. शक्य नाही, मीटर बिघडलंय. खोडते. आई म्हणाली, टेम्परेचरपण सत्तावीस आहे, नेहमीपेक्षा किती जास्त! मीटरला दोष देऊ नकोस, परत मोज. परत मोजलं. तीन पॉइंट दोन. आई वॉज राइट."

शरयू वाकून ते पान बघायला लागली. हे तिच्या साफ विस्मरणात गेलं होतं. तळ्याकाठी गुडघ्यांवर बसून जी बाई बरोबर बोलली होती, तिचंच वाक्य टेबलावर बसलेल्या बाईनं बडबड म्हणून गाळलं होतं. उर्वी पानं उलटत गेली. दर शनिवारच्या तापमानाशेजारी रुहीनं इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं: आई. आई. आई. बावीस वेळा. फेअर जर्नलमध्ये यातलं एकही नव्हतं.

त्यांना वीस मिनिटं बाहेर बसवलं. कॉरिडॉरमध्ये रुहीनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. सहावीनंतर तिनं असं केलं नव्हतं.

निकाल मिस ओर्टेगांनी सांगितला. मूळ वही ग्राह्य. उशिरा आली म्हणून पाच गुण कमी. कॉलेजांना काही कळवायचं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, की प्रकल्पाचं सादरीकरण तिसऱ्या आठवड्यापासूनच सुरू कर. रुहीनं मान हलवली. तिचे डोळे भरले होते आणि चेहरा असा फुलला होता की शरयूला वाटलं, चिठ्ठ्या दहा वेळा टाकल्या असत्या तरी हिचंच नाव निघायला हवं होतं. इतका अभिमान तिला स्वतःच्या बक्षिसांचाही कधी वाटला नव्हता.

शरयूनं सुरुवातीला भरलेला फॉर्म फाइलला लावायच्या आधी मिस ओर्टेगांनी तिच्यापुढे सरकवला. "एकदा बघून घ्या, सगळं बरोबर आहे ना."

शरयूनं बघितलं. शेवटच्या रकान्यापाशी आली. मग पेन मागितलं.

"नवा फॉर्म देऊ का?" मिस ओर्टेगांनी विचारलं.

"नको. हाच." तिनं 'नन' या शब्दावर एकच आडवी रेघ मारली, खालचं नीट वाचता येईल अशी, आणि शेजारी लिहिलं: बावीस शनिवार थर्मामीटर वाचलं.

रुही तिच्या खांद्यावरून वाकून बघत होती. "आई, इनिशिअल्स राहिले. आणि डेट."

शरयूनं आद्याक्षरं घातली, तारीख घातली, आणि आयुष्यात पहिल्यांदा खाडाखोड केलेला कागद स्वतःच्या हातानं जमा केला.