चंचुपात्रातली वाइन

दारूबंदीच्या जिल्ह्यात जन्मून, तिथेच चाकरी करून, तिथेच निवृत्त होऊन वाइनमधला जाणकार झालेला माणूस अख्ख्या पृथ्वीवर एकच असावा, आणि तो नेमका माझा साडू आहे. तळेगावच्या शाळेत तीस वर्षं विज्ञान शिकवून ते निवृत्त झाले, तोवर त्यांनी आयुष्यात चहापेक्षा कडक काही घेतलं नव्हतं. मग मुलीला नाशकात दिलं. जावयानं कौतुकानं सासू-सासऱ्यांना द्राक्षाचा मळा आणि वाइनचा कारखाना दाखवायला नेलं. माझी थोरली मेहुणी, म्हणजे आम्हा सगळ्यांच्या ताई, नाकाला पदर लावून बाहेर बाकावर बसून राहिल्या. साडू मात्र आत गेले आणि तिथल्या माहिती देणाऱ्या मुलीनं ग्लास कसा फिरवायचा, वास कसा घ्यायचा, घोट तोंडात घोळवून थुंकायचा कसा, हे सांगितलेलं सगळं परीक्षेला बसल्यासारखं लिहून घेऊन बाहेर आले. थुंकायचं असतं, हे कळल्यावर त्यांचा जीव भांड्यात पडला. दारू न पिता दारूतलं सगळं कळतं, म्हणजे हे शास्त्रच झालं!

अडचण एकच होती, वर्धा जिल्हा. साडू कायद्याचे इतके पक्के की रिकामी बाटलीसुद्धा हद्दीत आणायचे नाहीत. पण आमच्या बाजूला नदीचा पूल ओलांडला की जिल्हा बदलतो, आणि पलीकडे त्यांच्या एका शाळासोबत्याची संत्र्याची बाग आहे. महिन्यातून एका रविवारी ते आष्टीला माझ्या घरी यायचे, माझ्या स्कूटरवर मागे बसायचे आणि आम्ही बागेत जायचो. मांडीवरच्या पिशवीत निवृत्तीच्या वेळी विद्यार्थ्यांनी भेट दिलेली काचेची सहा चंचुपात्रं असायची. वाइन ग्लासातून चाखावी, असं कुणी सांगितलं की ते म्हणत, "ग्लासावर मिलिलिटरच्या खुणा असतात का?"

बाटल्या सोबती तिकडच्या दुकानातून आणून ठेवायचा. साडू स्वतःचा पांढरा सदरा काढून खाटेवर पसरायचे, त्यावर चंचुपात्र तिरकं धरून रंग बघायचे, मग नाक आत घालून इतका लांब श्वास घ्यायचे की वाटावं, पात्रातली पातळी खाली जाईल. घोट घोळवताना त्यांच्या गालांची जी हालचाल व्हायची, ती बघून बागेतलं कुत्रं एकदा उठून लांब जाऊन बसलं. शेवटी बादलीत पिचकारी. मला गाडी चालवायची म्हणून मीही थुंकायचो. सोबती मात्र चालत घरी जाणारा असल्यामुळे शास्त्राच्या फंदात पडत नसे. "मास्तर, तू वास घे, मी त्रास घेतो," असं म्हणून तो उरलेली बाटली स्वतःकडे ओढून घ्यायचा.

खरी गंमत निकालाची. साडूंना वाइन चांगली की वाईट एवढ्यावर समाधान नव्हतं. ती दिलेल्या पैशाला जागली का, हा त्यांचा प्रश्न. आणि त्यासाठी त्यांचं माप होतं तुरीची डाळ. "या बाटलीच्या पैशात दोन किलो डाळ येते, भाऊ," ते मला म्हणायचे. "आता सांगा, दोन किलो डाळीएवढा आनंद झाला का तुमाले?" मला प्रत्येक वाइन द्राक्षं विसळलेल्या पाण्यासारखी लागायची, त्यामुळे माझं उत्तर कायम डाळीच्या बाजूनं पडे. ते मग माझ्याकडे नापास मुलाकडे बघावं तसं बघत आणि वहीत लिहीत: 'नाकाला ओला बारदाना. नंतर जांभूळ. गिळण्याच्या जागी जुन्या पुस्तकाचं पान. किमतीच्या मानानं काठावर पास.'

ही वही एकदा पुलावर पोलिसाच्या हातात पडली. त्या दिवशी सोबत्यानं आनंदाच्या भरात अर्धं चंचुपात्र साडूंच्या सदऱ्यावर सांडलं होतं आणि आम्ही दोघं द्राक्षाच्या घमघमाटात परत येत होतो. तपासणीला उभ्या असलेल्या तरुण शिपायानं थांबवलं. हवेत हुंगलं.

"काका, घेतली का?"

साडू खोटं बोलत नाहीत. "तोंडात घेतली, पोटात नाई घेतली."

शिपायानं पिशवी उघडली. बाटलीऐवजी चंचुपात्रं निघाली, तेव्हा त्याचा संशय भलतीकडेच वळला. मग वही निघाली. भर रस्त्यावर तो मोठ्यानं वाचू लागला, "'पहिल्या वासाले भिजलेली माती, मंग लवंग, मंग काहीच नाई. नुसता पेहराव.' हे काय लिहून राह्यले काका? कोणाचा पेहराव?" पुढची दहा मिनिटं साडूंनी त्याला वाइन या विषयावर पाठ दिला. मागे ट्रॅक्टरांची रांग लागली. शिपायानं वही मिटली, इकडे तिकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "मंग स्वस्तात मस्त कोणती म्हनता?"

"ते इथं सांगणं कायद्यात बसत नाई," साडू गंभीरपणे म्हणाले. "पुलापलीकडं भेटजो."

हा किस्सा आष्टीच्या आठवडी बाजारातून तळेगावात पोचायला दोन दिवस लागले. ताईंना तो एका भाजीवालीकडून कळला. त्यांनी मला बोलावून घेतलं. "भाऊ, लोक मले इचारून राह्यले, मास्तर आता दारूचं दुकान टाकते का म्हनून. या वयात काऊन करते हे असं? आन् तुमी त्यायले गाडीवर बसवून नेता!" मी मान खाली घातली. साडू म्हणाले, "अवो, थुकतो मी." ताई म्हणाल्या, "पैसे देऊन थुकता, हे तर त्याहून वंगाळ." ताईंनी चंचुपात्रं माळ्यावर टाकली आणि साडूंनी एक-दोन रविवार अंगणातच काढले. तिसऱ्या रविवारी स्वतःच माळ्यावर चढले.

मागच्या हिवाळ्यात त्यांना ताप आला. साधाच वाटला, पण अंगात मुरला, आणि उतरला तो त्यांच्या नाकातला वास आणि तोंडाची चव घेऊन. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू. महिने गेले, काहीच परत आलं नाही. ज्या माणसाला शेजारच्या घरात फोडणी करपली की अंगणात बसून कळायचं, तो ताटातलं मुकाट्यानं जेवू लागला. एकदा ताईंच्या हातून आमटीत मीठच पडलं नाही. साडूंनी वाटी संपवली आणि आणखी वाढून घेतली. ताई स्वतः जेवायला बसल्या, पहिला घास घेतला आणि तशाच थांबल्या. ते त्यांनी मला फोनवर सांगितलं, आणि मग एकदम म्हणाल्या, "येत्या रविवारी गाडी घेऊन या. स्कूटर नको, तिघायले पुरेल अशी आना."

मी शेजाऱ्याची मोटार मागून नेली. साडूंना वाटलं, नागपूरच्या डॉक्टरकडे चाललोय. गाडी पुलाकडे वळली तेव्हा ते चकित होऊन ताईंकडे बघू लागले. ताई खिडकीबाहेर बघत होत्या.

बागेत सोबत्यानं बाटली उघडली. साडूंनी सवयीनं चंचुपात्र नाकाशी नेलं आणि तसंच खाली ठेवलं. ताईंनी ते उचललं. पदर नाकावरून काढला आणि डोळे मिटून एक श्वास घेतला.

"काय येते?" साडूंनी विचारलं.

"दारूचा वास येते. अजून काय येईन?"

"ते सोडून सांग."

ताई पुन्हा वाकल्या. "बोरं," त्या म्हणाल्या. "वाळलेली. तळेगावच्या आंधी तुमची नोकरी गिरडले होती पहा, त्या खोलीमागं खाटेवर वाळत घालत होती मी. पाऊस आलता अन् अर्धी भिजून गेलती. तसा वास."

साडूंचा हात वहीवरच राहिला. "मले आठवत नाई तो वास," ते म्हणाले.

"नसू द्या. मी सांगून राह्यली ना."

आणि त्या सांगू लागल्या. खोलीचा शेणानं सारवलेला ओटा, मुलीच्या अंगाची तेल-हळद, ओल्या लाकडाचा धूर, पहिल्या पगारात साडूंनी आणलेला अत्तराचा फाया, जो ताईंना अजिबात आवडला नव्हता आणि तरी त्यांनी महिनाभर कानात ठेवला होता. वाइन केव्हाच मागे पडली होती. सोबती आणि मी उठून संत्र्यांच्या ओळीत उगाच फिरू लागलो. मागून ताईंचा आवाज येत होता आणि तो थांबला की साडूंचा, हळू, एखाद्या लहान मुलासारखा: "अजून सांग."